मिस्त्रींनी राखलेली जागा

आमच्या मिस्त्रींना सकाळी कुणी फोनवर फुलांचं नाहीतर देवाचं चित्र पाठवलं, तर ते लगेच पुसायचे आणि मग पाठवणाऱ्याला फोन लावून तसं कळवायचे. "पावणं, तुमचा गणपती मिळाला. बघितला, नमस्कार केला, पुसला. ठेवू का फोन?" समोरच्याला काय वाटत असेल कुणास ठाऊक. त्यांचे एक व्याही म्हणे त्यापायी वर्षभर बोलत नव्हते. मिस्त्रींचं म्हणणं एवढंच, की पुसायचं तर चोरून कशाला पुसायचं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅटर्नशॉपमध्ये मी डिझाइनला आहे. मिस्त्री तिथले कॉम्प्युटर सांभाळायचे. पॅटर्नशॉप म्हणजे फाउंड्रीवाल्यांना लागणारे नमुने करायचा कारखाना. जो भाग ओतायचा, त्याच्याच आकाराचा लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न आम्ही करून द्यायचा, फाउंड्रीवाल्यांनी तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, आत पोकळी हवी असेल तर तिच्या आकाराचा वाळूचा कोअर त्यात बसवायचा आणि लोखंडाचा रस ओतायचा. मिस्त्री मूळचे लाकडाचे कारागीर. लाकूड कापायच्या बँडसॉवर उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा त्या वेळच्या थोरल्या मालकांनी त्यांना नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्ची टाकून दिली. बसवलं ते राखणीला. पण नुसतं बसून खाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकेक बटण दाबत, इंग्रजी अक्षरं जुळवत त्यांनी जे काय शिकायचं ते शिकून घेतलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यांनी जन्मात उघडलं नाही. डिस्कवर कुठं काय आहे आणि ते किती जागा खातंय, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

डिस्क म्हणजे त्यांच्या लेखी पॅटर्न ठेवायचा माळाच होता.

"माळ्यावर जागा हाय म्हणून कुणी मोडकं स्टूल ठिवतंय का?"

"सगळेच ठेवतात की मिस्त्री," मी म्हटलं होतं.

"म्हणूनच सांगाय लागतंय," ते म्हणाले.

शिवाजी पेठेत त्यांच्या दोन खोल्या आहेत. एकदा मी हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरात नेऊन मला हळूच सांगितलं, "नवी कढई आनली की जुनी कढई घराबाहेर. नवा शर्ट आला की जुना शर्ट त्याच दिवशी कुनाला तरी. माझी लग्नातली परात शेजारच्यांच्यात लपवून ठिवलीया. हिथं काय बोलू नकोस." बाहेरच्या खोलीतून मिस्त्री ओरडले, "परात म्हाईत हाय मला. शेजारच्यांची जागा खातीया, म्हणून गप हाय."

असा माणूस म्हणजे सतत पुसणारा, असं वाटेल. तसं नव्हतं. पुसण्याइतकाच त्यांचा जीव राखण्यावर होता, आणि कॉम्प्युटरमधल्या ज्या एका गोष्टीवर त्यांची खरी माया होती, ती म्हणजे रिस्टोअर पॉइंट. कॉम्प्युटर अधूनमधून आपली त्या दिवसाची स्थिती टिपून ठेवतो, म्हणजे पुढं काही बिघडलं तर त्या दिवसापर्यंत मागं जाता येतं. फाईल बदलण्याआधी कशी होती, तेही त्यातूनच बाहेर काढता येतं. ह्यासाठी डिस्कवरची किती जागा राखायची, ते एक पट्टी डावी-उजवीकडं सरकवून ठरवतात. ती जागा भरली की सगळ्यात जुना पॉइंट आपोआप पुसला जातो, कुणाला न विचारता. ह्या न विचारण्याचा मिस्त्रींना भयंकर राग. "आपल्या माळ्यावरचं आपल्याला न इचारता टाकतंय म्हंजे काय? जावय हाय का काय?"

म्हणून प्रत्येक मशीनची पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली होती. डिझाइनच्या मशीनना पंधरा टक्के. ऑफिसच्या मशीनला तीन, कारण "तितं पत्तं खेळत्यात, ते परत आनून काय करायचंय?" पॉइंटना ते स्वतः नावं द्यायचे. मी कामाला लागले तेव्हा माझ्या मशीनवर ती यादी उघडून बघितली आणि तोंडात पदर कोंबायची वेळ आली. 'लाईट जाऊन आल्यावर'. 'नवं सॉफ्टवेअर घालायच्या आधी'. 'मालकांचा पावणा पेनड्राईव्ह घेऊन बसला त्याच्या आधी'. त्याच्याच खाली, दोन दिवसांनंतरची तारीख घालून, 'पावणा गेला'.

बॅकअप घेतला, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "घेतला ते कळलं. परत आला का?" बाहेरच्या दोन डिस्कवर दर आठवड्याला आलटून पालटून प्रत जायची, तीही त्यांना पुरेशी वाटायची नाही. आमच्याकडं अमावस्येला मशिनींना नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलतात आणि अर्धा तास काम थांबतं. नारळ फुटला की मिस्त्री खोबऱ्याचा तुकडा चघळत डिझाइनच्या खोलीत यायचे, कुणा एकाच्या पाठीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "मागच्या म्हयन्यात तू बेअरिंगच्या घराची फाईल बदललीस. बदलायच्या आधीची काढ बघू." ती काढून, उघडून दाखवेपर्यंत हलायचे नाहीत. काढता आली की उरलेलं खोबरं त्याच्या हातावर ठेवायचे. आली नाही तर त्याला दिवसभर 'साहेब' म्हणायचे. पोरींना 'मॅडम'. राग आल्यावर ते मानाने बोलायचे, एरवी अरे-तुरे.

मला पहिल्याच अमावस्येला जमलं. डिप्लोमा होऊन दोन वर्षं घरात बसल्यावर मिळालेली ती नोकरी होती, त्यामुळं मिस्त्री काय काय विचारतात ते मी आधीच दुसऱ्यांना खोदून विचारून घेतलं होतं. पुढं वर्षभरानं त्यांनी मशीनचा मुख्य पासवर्डही मला सांगितला. शॉपमध्ये तो मालकांनाही माहीत नव्हता. "तुला दिलाय तो दाराची कडी काढायला. भिंत पाडायला न्हाय," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी पगार वाढल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आणि मी भिंतच पाडली.

झालं असं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालायची होती आणि डिस्क भरून लाल झाली होती. मिस्त्री भाचीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेले होते. मालकांनी सकाळपासून तीनदा येऊन विचारलं, झालं का, झालं का. मी पासवर्ड टाकला, पट्टी पंधरावरून दोनवर आणली आणि ओके दाबलं. चाळीसेक जीबी जागा क्षणात मोकळी झाली. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. फाईल तर सगळ्या जागच्या जागी होत्या. मिस्त्रींना एक फोन करावा, हे मनात आलं होतं. ते नाही म्हणतील म्हणून केला नाही.

दहा-बारा दिवसांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून एका पंपवाल्यांचा फोन आला. त्यांच्या पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, लाकडी पॅटर्न झिजला होता, म्हणून आम्ही त्यांना ॲल्युमिनियमचा नवा करून दिला होता. त्याची फाईल आमच्याकडं आधीपासून होती. माझ्याआधीच्या डिझाइनरनं ती जुन्या कागदी ड्रॉइंगवरून केली होती. मी त्यात फक्त पंपाचे पाय रुंद केले आणि त्याच नावानं सेव्ह केली. आमच्यात पॅटर्नचा नंबर हेच फाईलचं नाव असतं, दुसरं नाव द्यायची पद्धतच नव्हती. तर त्या नव्या पॅटर्नवरची कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेली कवचं, दाब दिला की गळत होती. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाच्या वळणावर, प्रत्येक वेळी त्याच जागी. पंपवाले म्हणत होते, जुन्या पॅटर्नवर इतक्या वर्षांत एक कास्टिंग गळलेलं नाही.

मालकांनी सरळ हिशेब मांडला. "पाय रुंद करताना तुमचा हात त्या वळणाला लागला. आधीची फाईल काढा, दोन्ही शेजारी ठेवा, फरक दिसंल."

मला तर माझीच खात्री नव्हती. लागलाही असेल हात. मी आधीची फाईल काढायला गेले आणि यादी रिकामी. मिस्त्रींनी नावं देऊन ठेवलेला एकही पॉइंट शिल्लक नव्हता. बाहेरच्या दोन्ही डिस्कवर एव्हाना नवीच फाईल जाऊन बसली होती. कागदी ड्रॉइंग काढलं, तर ते नेमकं त्या वळणावर घडीत फाटलेलं. जुना लाकडी पॅटर्न कुठं आहे विचारलं, तर फाउंड्रीवाले म्हणाले, फोडून जळणात घातला असेल. सगळ्या वाटा माझ्या त्या एका ओकेपाशी येऊन थांबत होत्या.

मी मालकांना सांगून टाकलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत फाईल मिळवा. न्हाय मिळाली तर तुम्ही दुसरीकडं बघा." दुसरीकडं कुठं बघणार? शिरोलीत एका शेडमधली बातमी चहा निवायच्या आत दुसऱ्या शेडमध्ये जाते. गिऱ्हाइकाची फाईल घालवणाऱ्या पोरीला कुठल्या पॅटर्नशॉपनं दारात उभं केलं असतं?

मिस्त्रींना कळलं तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"गळतंय कुठं म्हणालीस?"

"तोंडाच्या वळणावर. डावीकडं."

ते "बरं, मॅडम," म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. इतक्या वर्षांत त्यांनी न कळवता रजा घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माझं तोंडही बघायचं नाही, असंच मी समजले. पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर आणून मी दोन दिवस चालवत बसले. त्यातून तीन वर्षांपूर्वीचे कुणाच्या तरी बारशाचे फोटो निघाले, केसिंग काही निघालं नाही.

शनिवारी अकराच्या सुमाराला मालकांच्या केबिनमध्ये मी उभी होते. पंपवाल्यांचे इंजिनिअरही येऊन बसले होते. मी काय काय करून बघितलं ते सांगत होते, तेवढ्यात मिस्त्री दार ढकलून आत आले. खांद्यावर पोतं, अंगभर वाळूची काळी भुकटी. त्यांनी पोतं थेट मालकांच्या टेबलावर उपडं केलं. त्यातून लाकडी पॅटर्नचा अर्धा भाग बाहेर आला. असे पॅटर्न दोन अर्ध्यांत करतात, त्यातला एक. कड वाळवीनं खाल्लेली होती, पण तोंडाचं वळण शाबूत होतं.

"कुठं मिळाला?" इंजिनिअरनी विचारलं.

"तुमच्या फाउंड्रीच्या मागं. भंगाराच्या शेडात, दोन दिस उपसत हुतो. दुसरा अर्धा गेला जळणात."

मग त्यांनी खिशातून पटाशी काढली. वळणाच्या डाव्या अंगाला रंगाखाली ती घातली आणि तीन बोटांच्या त्या हातानं अशी अलगद उचलली, की रंगाचा पापुद्रा, त्याखाली पुट्टीसारखी भरलेली लांबी आणि त्याखाली चिकटवलेली लाकडाची पातळ चीप सलग निघून हातात आली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"दोन मिलीमीटर," ते म्हणाले. "ही मी बसवलीया. बोटं जायच्या आधी."

कुणालाच काही कळेना.

"मालक, हिनं पुसलं ते खरं हाय. पन हिनं पुसलं नसतं, तरी कास्टिंग गळलंच असतं. जुन्या फाईलीत ही चीप नव्हती. ड्रॉइंगमधी बी नव्हती. पयली कास्टिंग आली तवा अशीच गळली हुती. ओतताना आतला कोअर उचलून येत हुता, ह्या बाजूची जाडी कमी पडायची. एकट्यानं केलेलं ते माझं पयलं मोठं काम. थोरल्या मालकांना सांगितलं असतं तर ड्रॉइंग चुकलं का मिस्त्री चुकला, ह्यावर हप्ताभर बोंबाबोंब. सुट्टीच्या दिवशी फाउंड्रीत गेलो, चीप बसवली, लांबी भरली, रंग मारला. कुनाला बोललो न्हाय."

मालक त्या चिपेकडं बघत राहिले. "म्हंजे एवढी वर्षं आपण चुकीचं ड्रॉइंग जपून ठेवलं?"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "लई चांगलं जपलं."

इंजिनिअर हसले. मिस्त्री हसले नाहीत. आपल्या मशीनवरून कधी काही हरवलं नाही, असं हा माणूस सगळ्या शिरोलीत छातीवर हात मारून सांगायचा. गप्प बसले असते, तर नाव माझं गेलं असतं आणि त्यांचं राहिलं असतं. पॅटर्न जळून गेला असं सगळ्यांनी धरलंच होतं, आणि ती चीप तर त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं. नोकरी वाचली म्हणून रडले, आणि त्या केबिनमध्ये त्यांची मान खाली गेलेली बघावी लागली म्हणूनही.

दुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचे उपकार..."

"उपकार कशाचे? पट्टी सरकवली ती सरकवलीच की. एक फोन करायला काय झालं हुतं?" एवढं बोलून त्यांनी मान वळवली, आणि पुढचा महिनाभर मी मॅडमच राहिले.

त्या वळणाला दोन मिलीमीटर वाढवून आम्ही पॅटर्न दुरुस्त करून दिला आणि गळती थांबली. पण मालकांच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला होता. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, असं अजून किती पॅटर्नवर केलंय? मिस्त्रींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "केलं न्हाय असं कुठलं हाय, ते सांगणं सोपं पडंल."

तेव्हापासून रोज दुपारी तास-दीड तास ते माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. रिटायर व्हायला त्यांना सहा महिने राहिले होते. मी एकेका पॅटर्नचा नंबर वाचायची, ते डोळे मिटायचे. हात हवेत असा फिरायचा, जणू पॅटर्न समोरच ठेवलाय. "ह्याच्या कानाला अर्धा मिली जास्त दिलाय. लिव. ह्याला उतार ड्रॉइंगपेक्षा जरा ज्यादा, न्हायतर वाळू चिकटती. हे कास्टिंग थंड होताना मधी वाकतंय, म्हणून मी पॅटर्नच उलटा वाकवून केलाय. लिव." आम्ही डिप्लोमाला शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. काही नंबरांपाशी ते अडायचे. आठवायचं नाही. मग स्वतःला एक कोल्हापुरी शिवी हासडून बाहेर चक्कर मारून यायचे. कधी आठवून यायचं, कधी नाही. आलं नाही तर म्हणायचे, "लिव, मिस्त्री इसरला." मी तेही लिहायची.

रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात यादी संपली. शेवटचा नंबर लिहून मी फाईल सेव्ह केली. मिस्त्री स्टुलावरून उठले, पाठ ताणली आणि पुन्हा बसले.

"हे सगळं मिळून किती जागा खातंय गं?"

मी बघून सांगितलं, "अडतीस केबी."

"जीबी?"

"नाही मिस्त्री, केबी. तुमच्या एका पॉइंटच्या जागेत असं लाख वेळा बसेल."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. चष्मा पुसून ते पुढं वाकले आणि आकडा स्वतः वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाळीस वर्सं पोटात दाबून ठिवलं. एवढीच जागा लागनार हुती व्हय?"

बाहेर पाच वाजल्याचा भोंगा झाला, माणसं हात धुवायला निघाली, तरी ते त्या आकड्याकडं बघत बसले होते.